बेटावरचा जंपिंग स्पायडर मुळात आला कुठून, हे शोधायचं कसं

दोन वर्षांपूर्वी भावाकडे कॅलिफोर्नियाला गेले होते, तेव्हा सगळ्यांनी मिळून पाच दिवसांची हवाई ट्रिप काढली. वायकिकीच्या हॉटेलात बॅगा टाकल्या, बाल्कनीत आले, समोर निळाशार समुद्र वगैरे सगळं होतं आणि मला काय दिसलं तर भिंतीवरचा कोळी. राखाडी, चपटा, दोन्ही कडांना काळपट पट्टे, टुणकन उडी मारून माशी धरणारा. मी मोबाइलला मॅक्रो लेन्स लावून भिंतीला चिकटले तशी भावजय म्हणाली, "ताई, इतक्या लांब येऊन भिंतच बघणार का?" फोटो मोठा करून बघितला तर हा आमच्या डोंबिवलीच्या गॅलरीतला मेनेमेरस बायव्हिटॅटस! अगदी तोच, पट्ट्यासकट.

तेव्हा जाम हिरमोड झाला, पण नंतर वाचत गेले तसं कळलं की बेटावरचे कोळी समजून घ्यायचे तर सुरुवात या भिंतीवरच्या गड्यापासूनच करावी लागते. म्हणून हे लिहितेय. तुम्ही हवाईला जा, मॉरिशसला जा, अंदमानला जा किंवा कुठेच न जाता रात्री अंथरुणात पडून लोकांनी टाकलेले फोटो चाळा, समोरचा जंपिंग स्पायडर त्या बेटावर कसा पोचला असेल आणि एकाचे दहा प्रकार कसे झाले असतील हे ताडायला काय काय बघायचं ते सांगते. उदाहरण मुख्यतः हवाईचंच धरलंय, कारण तिथे हिशोब सगळ्यात स्वच्छ दिसतो.

आधी ओळख पक्की करा. कोळी म्हटलं की जळमट डोळ्यांसमोर येतं, पण हे शिकारीसाठी जाळं विणतच नाहीत, मांजरासारखे दबा धरतात आणि उडी मारतात, उडीआधी मागे एक धागा चिकटवून ठेवतात म्हणजे नेम चुकला तरी लटकून परत वर येता येतं. आठ डोळे, त्यातले समोरचे दोन मोटारीच्या हेडलाइटसारखे. तुमच्याकडे मान वळवून बघणारा कोळी दिसला की समजायचं हाच. जगात यांच्या सहा हजारांहून जास्त प्रजाती आहेत, कोळ्यांमधलं सगळ्यात मोठं कुटुंब. आणि नजर एवढी तेज असल्यामुळेच यांच्यात रंग, नाच, नखरे हा सगळा मामला आहे, तो पुढे फार कामाला येणारे म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

आता पहिलं काम, फुकटे प्रवासी बाजूला काढा. माणसाच्या सामानाबरोबर जगभर फिरलेले काही जंपिंग स्पायडर आहेत, त्यातले तीन तर डोळे मिटून ओळखता आले पाहिजेत. एक मेनेमेरस, वर सांगितला तो. दुसरा प्लेक्सिपस पेकुली, जरा धिप्पाड, नर काळा आणि अंगावर लांब पांढरे पट्टे, ट्यूबलाइटजवळ किडे खायला बसतो. तिसरा हसारियस अ‍ॅडन्सोनी, नर काळा आणि त्यावर चंद्रकोरीसारख्या पांढऱ्या रेघा, कुंड्या आणि ग्रीनहाउसचा शौकीन. या शेवटच्या दोघांची नावं १८२६ मध्ये इजिप्तच्या नमुन्यांवरून पडली आणि आज ते हवाईतही आहेत, आपल्याकडेही आहेत. जहाजं, लाकडाच्या पेट्या, रोपांच्या कुंड्या, कंटेनर यातून गेलेली मंडळी ही. त्यामुळे नियम साधा ठेवा, हॉटेल, बंदर, पार्किंग, बागेची भिंत इथे दिसलेला कोळी उलटं सिद्ध होईपर्यंत परका. हवाईत तर सखल भागातली बरीचशी झाडंसुद्धा बाहेरून आलेली आहेत, तिथला अस्सल जीव बघायचा तर डोंगर चढून ओहिआ या तिथल्या मूळ झाडाच्या जंगलात जावं लागतं.

संशय असेल तर आयनॅचुरलिस्टवर (लोक जीवांचे फोटो ठिकाणासकट टाकतात ती वेबसाइट) नाव टाकून जगाचा नकाशा उघडा. सगळ्या उष्ण देशांच्या किनाऱ्यांवर ठिपकेच ठिपके असतील तर तो प्रवासी, एकाच बेटाच्या डोंगरात चार ठिपके असतील तर तो स्थानिक असण्याची शक्यता जास्त. फक्त नकाशावर आंधळा विश्वास नको हं. ठिपका नाही याचा अर्थ कोळी नाही असा होत नाही, मोबाइलवाला माणूस तिथे पोचला नाही एवढाच होतो. लँगेलुरिलस नावाचा गट आफ्रिकेतलाच समजायचे, २०१७ मध्ये तो महाराष्ट्रातून नोंदला गेला. आणि ठाण्यासारख्या गजबजलेल्या शहरातून २०२१ मध्ये चक्क नवीन प्रजाती जाहीर झाली, तिला शहीद तुकाराम ओंबळे यांच्यावरून इसियस तुकारामी नाव दिलं. ठाण्यात ही गत तर पॅसिफिकमधल्या एखाद्या डोंगराचं काय सांगायचं.

प्रवासी बाजूला काढले की उरलेल्यांकडे वळायच्या आधी बेटाचा जन्मदाखला बघा. ही पायरी लोक हमखास गाळतात आणि मग काहीही अंदाज बांधत बसतात. बेटं ढोबळमानाने दोन जातीची. एक मोठ्या जमिनीचा तुकडा असलेली, जसं श्रीलंका, मधला समुद्र उथळ, हिमयुगात पाणी खाली गेलं तेव्हा भारताशी जमीन जोडलेली होती, म्हणून आपल्याकडचा कोळी तिथे दिसला तर फार डोकं खाजवायचं कारण नाही, चालत गेला असेल. दुसरी समुद्रातून लाव्हा वर येऊन बनलेली, हवाई, मॉरिशस, रियुनियन, जी कधीच कशाला जोडलेली नव्हती. तिथला प्रत्येक मूळ रहिवासी पाण्यावरून किंवा हवेतूनच आलेला असणार, तिसरा रस्ताच नाही.

इथे एक खास आपल्याकडचा सापळा सांगते. भारत आणि मादागास्कर एकेकाळी गोंडवाना या एकाच खंडात जोडलेले होते हे शाळेत शिकलेलं असतं, त्यामुळे दोन्हीकडे सारखा कोळी दिसला की लगेच "गोंडवाना!" म्हणून मोकळं व्हायचं. पण ती फाटाफूट झाली साधारण ९ कोटी वर्षांपूर्वी आणि बाल्टिक अंबरमध्ये, म्हणजे दगड झालेल्या जुन्या डिंकात, जे जुने जंपिंग स्पायडर सापडतात ते साधारण ४ कोटी वर्षांपूर्वीचे. कुटुंब त्याहून थोडं जुनं असेल असं धरलं तरी आजचे गट तुटलेल्या जमिनीबरोबर वाहत गेले हे गणित बसवणं अवघड आहे. कोळ्याचं वय आणि बेटाचं वय शेजारी शेजारी लिहा, निम्मे चुकीचे अंदाज तिथेच गळून पडतात.

हवाईत हे वय लिहिणं फार सोपं आहे. जमिनीखाली एक गरम ठिकाण आहे, वरचा खडकाचा पट्टा वायव्येकडे सरकत राहतो, त्यामुळे बेटं एका रांगेत एकामागून एक जन्माला आली. काउआई साधारण ५० लाख वर्षांचं, ओआहू ३० ते ४० लाखांचं, मोलोकाई आणि माउई १० ते २० लाखांच्या घरातली आणि सगळ्यात मोठं हवाई बेट अजून १० लाखांचंही नाही, तिथला किलाउएआ ज्वालामुखी तर अजून चालूच आहे. वायव्येकडून आग्नेयेकडे म्हातारं ते तान्हं. आणि माउई, मोलोकाई, लानाई, काहोओलावे ही चार समुद्र खाली गेल्यावर एकत्र जोडली जायची, त्यामुळे त्या चौघांवर सारखीच प्रजाती मिळाली तर नवल मानायचं नाही.

मग एवढ्या लांब आले कसे? जवळचा खंड साडेतीन हजार किलोमीटरच्या वर, आणि कोळ्याला पंख नाहीत. याचं उत्तर म्हणजे पिल्लं. अंड्यातून बाहेर पडून थोडी मोठी झालेली पिल्लं गवताच्या टोकावर चढतात, पायाच्या बोटांवर उभं राहिल्यासारखी उंच होतात, पोटाचं टोक वर करतात, बारीक धागे सोडतात आणि उचलली जातात. हे बघायचं असेल तर वादळी दिवशी नाही, मंद वाऱ्याच्या दिवशी सकाळी ऊन पडल्यावर कुंपणाची टोकं बघा, वारा सेकंदाला तीनेक मीटरच्या आत असला की हे उड्डाण होतं. २०१८ मध्ये ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी तर वारा पूर्ण बंद केलेल्या खोक्यात नुसतं विद्युतक्षेत्र चालू केलं आणि कोळी उचलले गेले. तो प्रयोग दुसऱ्या, छोट्या जातीच्या कोळ्यांवर होता हे लक्षात ठेवा, पण हवेतली वीजसुद्धा धाग्याला वर ओढते हे त्यातून कळलं.

समुद्रावर किती लांब जातात याचा जुना साक्षीदार डार्विन. १ नोव्हेंबर १८३२ ला बीगल जहाज दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यापासून ६० मैलांवर असताना दोरखंडांवर हजारो बारीक लालसर कोळी येऊन बसलेले त्याने बघितले. आणि दुसरी गोष्ट इंडोनेशियातल्या क्राकाताउ बेटाची. ऑगस्ट १८८३ मध्ये ज्वालामुखी फुटून बेट भाजून निघालं, काही शिल्लक राहिलं नाही, आणि मे १८८४ मध्ये एक फ्रेंच प्रवासी तिथे उतरला तर त्याला जिवंत असं एकच काही सापडलं, एक इवलासा कोळी, जाळं विणत बसलेला. तिथे अजून खायला माशी नव्हती! दोन्ही ठिकाणचे कोळी जंपिंग स्पायडर नव्हते, पण हा रस्ता सगळ्यांनाच उघडा आहे.

दुसरा रस्ता म्हणजे तराफा. जंपिंग स्पायडर जाळं विणत नसले तरी झोपायला आणि अंडी घालायला सालीखाली, पानाच्या गुंडाळीत रेशमाची घट्ट पिशवी करतात. अख्खं झाड पुरात वाहून समुद्रात गेलं तर ही पिशवी छोट्या लाइफबोटीसारखी. पूर्ण वाढलेला जड कोळी हवेत उडणं कठीण, तो आलाच तर असा. आणि गंमत म्हणजे जोडी यावी लागत नाही, मादी नराचं वीर्य पोटात साठवून ठेवते, त्यामुळे एकटी फळलेली मादी किनाऱ्याला लागली तरी वसाहत सुरू होऊ शकते. तुमच्या समोरच्या कोळ्याबद्दल वहीत लिहून ठेवा, हवेतून की लाकडावरून की जहाजातून. नक्की उत्तर मिळणार नाही, पण मोठ्या सालीखालच्या कोळ्याचा आणि झुडपाच्या टोकावरच्या बारक्याचा अंदाज वेगळा येईल.

आता खरी मजा, एकाचे दहा कसे होतात. हवाईतला मूळचा जंपिंग स्पायडर म्हणजे हावाइका. १८९० च्या दशकात पर्किन्स या ब्रिटिश कीटकतज्ज्ञाने तिथली जंगलं पालथी घालून किडे-कोळी गोळा केले, त्यावरून फ्रान्सच्या सिमोन या कोळीतज्ज्ञाने १९०० मध्ये या कोळ्यांना नावं दिली, तीसुद्धा दुसऱ्याच गटात घालून, आणि शंभर वर्षांनी पोलंडच्या प्रोशिन्स्कीने त्यांना हावाइका हे वेगळं घर दिलं. वीसच्या आसपास नावं आहेत, पण त्यातली बरीच मोजक्या जुन्या नमुन्यांवर उभी, म्हणून आकडा दगडावरची रेघ समजू नका.

अशा गटाची वंशावळ, म्हणजे डीएनएवरून काढलेलं झाड, तुमच्यासमोर आलं तर त्यात दोनच गोष्टी आधी बघा. बेटावरचे सगळे प्रकार एकाच फांदीवर येतात का? आले तर एकदाच कुणीतरी आलं आणि घरातच पसरलं. विखुरलेले असतील, प्रत्येकाचा जवळचा नातलग बाहेरच्या जमिनीवर असेल, तर पाहुणे अनेकदा आले. दुसरं, फांद्यांचा क्रम आणि बेटांच्या वयाचा क्रम जुळतो का? खोडाजवळच्या फांद्या काउआईच्या आणि टोकाच्या फांद्या तान्ह्या हवाई बेटाच्या असतील तर कोळी जुन्या बेटावरून नव्यावर उड्या मारत गेले, जसं नवीन बिल्डिंग झाली की जुन्या चाळीतली माणसं तिकडे जातात तसं. हवाईतल्या अनेक किड्या-कोळ्यांत हा क्रम दिसतो, पण सगळ्यांत नाही, कुणी मधलं बेट गाळलेलं असतं, कुणी उलटं मागे आलेलं असतं, म्हणून क्रम जुळला नाही तर झाड चुकलं असं लगेच म्हणू नका.

आणि बेटाच्या आतही बेटं असतात हे विसरू नका. मोठ्या हवाई बेटावर लाव्हा वाहत येतो आणि जंगलाचे तुकडे मधेच सोडून पुढे जातो, काळ्या खडकाच्या समुद्रात हिरवं बेट, त्याला तिथे कीपूका म्हणतात. कोळ्याच्या दृष्टीने तो काळा खडक म्हणजे समुद्रच. म्हणून तुमच्या नोंदीत नुसतं बेटाचं नाव नको, उंची, झाड, कीपूका की सलग जंगल, साल की पान, एवढं हवंच. नुसतं "हवाई, २०२३" लिहिलेला फोटो कितीही सुंदर असला तरी या कामाला शून्य.

फोटो कसे काढायचे तेही सांगते. क्लिपवाली मॅक्रो लेन्स पुरते. छत्री उलटी धरायची, फांदीखाली, आणि फांदीवर काठीने हलकेच टकटक करायचं, छत्रीत जे पडेल ते बघायचं, फोटो काढून परत तिथेच सोडायचं (पांढरी किंवा फिकट छत्री घ्या, काळ्या छत्रीत काहीच दिसत नाही, मी हे केलंय). नर ओळखायचा चेहऱ्यापुढच्या दोन छोट्या हातांवरून, त्यांची टोकं बॉक्सिंगचे ग्लोव्हज घातल्यासारखी फुगलेली असतात. नर मिळाला तर चेहरा समोरून, ग्लोव्हज बाजूने आणि खालून, पाठ वरून, मादी मिळाली तर पोटाची खालची बाजू, इतके फोटो हवेतच. पिल्लांवरून प्रजाती सहसा ठरत नाही. संरक्षित जंगलातून परवानगीशिवाय काहीही उचलायचं नाही आणि एका बेटावरून दुसऱ्यावर जिवंत कोळी तर अजिबात न्यायचा नाही, लाखो वर्षांचा हिशोब तुम्ही डबीत घालून बिघडवाल. बूटही घासून घ्या, तिथे ओहिआला रोग लागलाय म्हणून जंगलाच्या वाटेच्या तोंडाशी ब्रश ठेवलेले असतात.

चेहऱ्याचा एवढा हट्ट का? कारण माझ्या मते जंपिंग स्पायडरच्या बाबतीत "वातावरणाप्रमाणे बदलले" हे उत्तर बऱ्याचदा आळशी असतं. याचं सगळ्यात झकास उदाहरण समुद्रातल्या बेटांवरचं नाहीच, अ‍ॅरिझोनातल्या डोंगरांवरचं आहे. तिथे डोंगरावर झाडी आणि मधे रखरखीत वाळवंट, म्हणून त्यांना आकाशातली बेटं म्हणतात, आणि तिथे हॅब्रोनॅटस पुगिलिस नावाचा कोळी राहतो. हिमयुगात खालपर्यंत झाडी होती तेव्हा डोंगर एकमेकांना जोडलेले होते, मग हवा तापली, झाडी वर सरकली, कोळी अडकले. काळ तसा फार गेलेला नाही, पण आज सांता रिटा डोंगरातल्या नराचा चेहरा वेगळा, आतास्कोसातल्याचा वेगळा, नाचही वेगळे. माद्यांमध्ये मात्र एवढा फरक नाही. खाणंपिणं, ऊन, झाडी जवळपास सारखी असताना फक्त नरांचे चेहरे आणि नाच बदलतात म्हणजे बदल माद्यांच्या पसंतीतून आला, असा निष्कर्ष सुसान मास्टा आणि वेन मॅडिसन यांनी २००२ मध्ये मांडला. पुढे २००५ मध्ये आणखी एक मजेशीर गोष्ट निघाली, सांता रिटाच्या माद्यांना आपल्या डोंगरातल्या नरांपेक्षा आतास्कोसाचे नर जास्त पसंत पडले! गावातलं स्थळ नको, परगावचं हवं. म्हणजे दोन बेटांवरचे कोळी वेगळे दिसले म्हणून ते एकमेकांना नाकारतीलच असंही नाही.

हे तुम्हालाही करून बघता येतं, खिशातला छोटा आरसा पुरे. नरासमोर आरसा उभा धरा, बरेच जण आपल्याच प्रतिबिंबाला दुसरा नर समजून पाय वर करून अंगावर येतात. ही पोज भांडणाची, मादीसमोरचा नाच वेगळा, त्यामुळे मादी आजूबाजूला असेल तर आरसा बाजूला ठेवून नुसता व्हिडिओ घ्या. दोन बेटांवरच्या, दोन डोंगरांवरच्या नरांचे असे व्हिडिओ शेजारी ठेवून बघितले तर जे मेलेल्या नमुन्यात कधीच दिसत नाही ते दिसतं.

रंगाकृतीवरून नातं जोडायचं टाळा. हवाईतच टेट्राग्नाथा नावाचे कोळी आहेत (जंपिंग नाहीत, पण त्यांच्यातल्या एका गटाने जाळं सोडून फिरून शिकार करणं पत्करलंय), रोझमेरी गिलेस्पी यांनी २००४ मध्ये दाखवलं की त्यांच्यात हिरवा, लालसर, मोठा तपकिरी, छोटा तपकिरी असे ठरावीक साचे आहेत आणि हे साचे वेगवेगळ्या बेटांवर पुन्हा पुन्हा वेगळे तयार झालेत. म्हणजे माउईचा हिरवा हा दुसऱ्या बेटाच्या हिरव्याचा सख्खा भाऊ असेलच असं नाही, तो शेजारच्या तपकिरीचा असू शकतो. जंपिंग स्पायडरमध्येही जगभर हेच, मुंगीसारखे दिसणारे, सालीसारखे चपटे, असे अवतार वेगवेगळ्या खंडांवर वेगवेगळ्या घराण्यांनी आपापले घेतलेत. म्हणून नातं शोधताना आधी नराचे ग्लोव्हज, मादीच्या पोटाखालची खूण, मिळाला तर डीएनए, आणि रंग सगळ्यात शेवटी. प्रजातींची आजची अधिकृत यादी वर्ल्ड स्पायडर कॅटलॉगवर फुकट बघता येते, तिथे नाव तपासल्याशिवाय "नवीन प्रजाती सापडली" अशी पोस्ट टाकू नका प्लीज.

माझं म्हणाल तर काउआईला कोकेएच्या जंगलात दीड तास ओहिआच्या फांद्यांखाली छत्री धरून उभी राहिले, भाऊ गाडीत झोपला, आणि छत्रीत पडलं एकच तपकिरी पिल्लू, तांदळाच्या दाण्याएवढंही नाही. उंची लिहिली, झाड लिहिलं, सहा फोटो काढले, सोडून दिलं. नर की मादी ते कळायच्या आतलं वय, त्यामुळे ते अजून आयनॅचुरलिस्टवर "जंपिंग स्पायडर" एवढ्याच नावाने पडलंय. डोंबिवलीच्या भावंडाला मात्र वायकिकीच्या भिंतीवरून दोन तासांत तीन जणांनी ओळखलं.